लेबल खरवडलेली बाटली

नाना पेठेतल्या आमच्या औषधांच्या दुकानातून एचआयव्हीच्या गोळ्या क्वचितच विकल्या जातात. त्या सरकारी एआरटी केंद्रांवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांवर, मोफत मिळतात आणि पुण्यातले बहुतेक रुग्ण त्यांसाठी ससूनला, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात किंवा अशाच एखाद्या केंद्रावर जातात. तरीही या गोळ्या माझ्या दुकानात येत असतात, कोणाच्या पर्सच्या तळाशी, कोणाच्या डब्याच्या पिशवीत, आणि त्या घेणारा माणूस काउंटरवर उभा राहून माझ्याकडे वेगळेच काहीतरी मागत असतो. जळजळीवरच्या पातळ औषधाची बाटली, कॅल्शियमचे पाकीट, नाहीतर गुडघेदुखीवरची गोळी. रोज चालू असलेल्या त्या दुसऱ्या गोळीचे नाव तो उच्चारत नाही, आणि त्याने ते मला सांगितलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा 2017 चा कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून देशभर लागू झाला, त्याला हा अधिकार देतो, की आपली एचआयव्हीची स्थिती सांगण्याची सक्ती, न्यायालयाच्या आदेशावाचून, त्याच्यावर कोणी करू शकत नाही. पण दोन्ही औषधे शेवटी एकाच पोटात जातात. गुपित राखूनही औषध सुरक्षितपणे घेता यावे यासाठी आमच्यासारख्यांनी काय करायला हवे, हा प्रश्न मला गेली कितीतरी वर्षे सोडत नाही, आणि हा लेख त्याच प्रश्नाविषयी आहे.

एचआयव्हीसाठी आज भारतात सर्वाधिक दिली जाणारी गोळी एकच आहे. तिच्यात टेनोफोविर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन 300 मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम अशी तीन औषधे असतात आणि आद्याक्षरांवरून तिला टीएलडी म्हणतात. घरोघरी तिला ‘मोठ्या दवाखान्यातली गोळी’ किंवा ‘ताकदीची गोळी’ असेच म्हटले जाते. दिवसातून एकदा, कोणत्याही ठरलेल्या वेळी, जेवून किंवा उपाशीपोटी घेता येईल अशी ही गोळी 2020 नंतर राष्ट्रीय कार्यक्रमात मोठ्या प्रमाणावर आली. मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो त्या काळाशी तुलना केली तर हे औषध इतके सुसह्य आहे, की त्याच्याविषयी तक्रारीच्या सुरात लिहिणे मला कृतघ्नपणाचे वाटेल. तिचे दुष्परिणाम आहेत, पण बहुतेक सौम्य आहेत आणि जे गंभीर आहेत ते तपासणीत वेळेवर सापडतात. मला काळजी वाटते ती शेजारी घेतल्या जाणाऱ्या साध्यासुध्या औषधांची.

त्यातले पहिले म्हणजे आम्लपित्तावरचे पातळ औषध. विषाणू आपली जनुके पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो तेव्हा त्याला एक एन्झाइम लागते आणि त्या एन्झाइमच्या गाभ्यात मॅग्नेशियमचे अणू असतात. डोल्युटेग्राविर त्या धातूला घट्ट धरते आणि एन्झाइमचे काम थांबवते. औषधाचा सारा गुण धातूला धरण्यात आहे. पण डायजीन, जेलुसिल यांसारख्या औषधांत मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम असतेच, आणि ते एकाच वेळी पोटात गेले तर डोल्युटेग्राविर तिथेच त्या धातूला चिकटते आणि रक्तात फारसे पोहोचत नाही. गोळी घेतली, पण न घेतल्यासारखी झाली. रुग्णाला काही जाणवत नाही, पोट दुखत नाही, पुरळ येत नाही. फक्त पुढच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या, तपासणीत आकडा वर गेलेला दिसतो आणि केंद्रावर ‘गोळ्या चुकवता का?’ असे विचारले जाते, तेव्हा तो मनापासून नाही म्हणतो आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आपल्याकडे हे उपवासाच्या दिवसांत अधिक घडू शकते. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. दिवसभर साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, तळलेले वेफर आणि चहा. संध्याकाळी छातीत जळजळ सुरू झाली की माणूस दुकानात येतो आणि दारातच बाटलीचे झाकण उघडून दोन घोट घेतो. त्याची ‘ती’ गोळी जर रात्री नऊची असेल, तर अंतर पुरेसे राहत नाही. नियम असा आहे, की डोल्युटेग्राविर अशा औषधाच्या दोन तास आधी घ्यावे किंवा त्यानंतर सहा तासांनी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू आहे; मात्र पोटभर जेवणाबरोबर दोन्ही एकत्र घेतल्या तर चालतात, उपाशीपोटी चालत नाहीत. आपल्या घरांत शंखभस्म आणि लोहभस्मही असते. शंखभस्म म्हणजे मुख्यतः कॅल्शियमच, तेव्हा वैद्यांनी दिलेल्या पुडीलाही हेच अंतर पाळणे शहाणपणाचे आहे, आणि ती पुडी चालू असल्याचे केंद्रावर सांगणे त्याहून शहाणपणाचे.

आता हे मी सांगायचे कोणाला? ज्याला गरज आहे तो कोण, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्यासाठी मी चौकशी केली तर तो पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाईल. विचार करता करता मला या प्रश्नाची एक सोपी बाजू दिसली. आम्लपित्ताचे हे औषध थायरॉइडच्या गोळीलाही अडवते, लोहाच्या गोळीलाही अडवते, डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारख्या प्रतिजैविकांनाही अडवते. म्हणजे अंतर ठेवण्याची सूचना जवळजवळ कोणालाही खरीच आहे. तेव्हापासून आमच्या दुकानात जळजळीची बाटली घेणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शाळेतला शिक्षक असो की मंडईतली भाजीवाली, एकच वाक्य सांगितले जाते: ‘रोजची कुठलीही गोळी चालू असेल, तर ती याच्या आधी दोन तास घ्या, नाहीतर नंतर सहा तासांनी.’ बिल देताना हेच वाक्य पाकिटावर पेनाने लिहून देतो. सगळ्यांना सांगितल्यामुळे कोणाकडेच बोट दाखवले जात नाही. काहीजण कंटाळून मान हलवतात, काहीजण ‘मला थायरॉइड आहे, मग सकाळची गोळी कशी?’ असे विचारतात, आणि काहीजण काहीही न बोलता ते वाक्य दोनदा वाचून पाकीट खिशात ठेवतात.

पालखीचे दिवस आले की हा विषय वेगळ्या रूपात समोर येतो. तुकोबांची पालखी आमच्याच पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते आणि ज्ञानोबांची जवळच भवानी पेठेत पालखी विठोबाला. त्या मुक्कामात दुकानात मलम, बँडेज आणि दुखण्यावरच्या गोळ्या यांखेरीज फारसे काही विकले जात नाही. एका संध्याकाळी मराठवाड्यातले एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, तळपायाला फोड आलेले, चालून चालून चेहरा काळवंडलेला. ‘माउली, पायाची पार वाट लागली. उद्या दिवे घाट आहे. एखादी जालीम गोळी द्या,’ असे म्हणाले. मी नेहमीप्रमाणे विचारले, ‘माउली, रोजची दुसरी कुठली गोळी चालू आहे का? बीपीची, साखरेची, मोठ्या दवाखान्यातली? नाव सांगू नका, नुसतं हो म्हणा.’ त्यांनी मागे वळून पाहिले, दिंडीतले सोबती फुटपाथवर चहा घेत होते, आणि मग पडशीतून एक पांढरी प्लास्टिकची बाटली काढून काउंटरच्या कडेला, हाताच्या आडोशाने ठेवली.

तिचे लेबल नखाने खरवडून काढलेले होते. कागद गेला होता, पण डिंक राहिला होता, आणि त्या चिकट पट्ट्याला वाटेवरची धूळ आणि थोडा बुक्का लागून बाटलीच्या मध्यावर एक करडा पट्टा उमटला होता. झाकण उघडले तर आत कापूस कोंबलेला. चालताना गोळ्या खुळखुळू नयेत आणि शेजारच्याने ‘हे काय?’ असे विचारू नये म्हणून. ओलावा शोषणारी छोटी पुडी कापसाला जागा करण्यासाठी काढून टाकलेली होती. गोळी मी ओळखली.

अशा माणसाला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन देणे धोक्याचे असते. टेनोफोविर शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात आणि काही थोड्या लोकांत हे औषध मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांना इजा करते. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात दिवसभर उन्हात चालून शरीरातले पाणी आटलेले असले, तर तिन्ही गोष्टी एकत्र येऊन मूत्रपिंड एकदम बसू शकते. निरोगी माणूस दोन दिवस कॉम्बिफ्लाम घेऊन चालतो म्हणून यांनीही चालावे असे नाही. मी त्यांना पॅरासिटामॉल दिले, ओआरएसची पाकिटे दिली, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यायला सांगितले आणि फोडांवर काय लावायचे ते दाखवले. कापूस काढून टाकून सुकी पुडी आत घातली, कारण या गोळ्यांना दमट हवा सोसत नाही आणि पावसाळी वारीत बाटलीचे झाकण घट्ट असणे फार गरजेचे असते. बाटली परत घेताना त्यांनी एवढेच विचारले, ‘एकादशीला घेऊ का ही? उपास असतो.’ मी म्हणालो, ‘घ्या माउली. उपाशीपोटी चालते. एक दिवसही चुकवू नका.’

हा प्रश्न मला अनेक वेळा विचारला गेला आहे, कधी रमजानच्या महिन्यातही. जुन्या काळी काही औषधे जेवणाशी बांधलेली होती, त्यामुळे ‘खाऊनच घ्यायची’ हा समज अजून टिकून आहे आणि उपवासाच्या दिवशी गोळी राहते. टीएलडीला अन्नाची अट नाही. रोजा असेल तर सहरीला किंवा इफ्तारला घ्यावी, एकादशी असेल तर नेहमीच्याच वेळी घ्यावी. चुकून राहिली तर आठवेल तेव्हा घ्यावी. मात्र पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल, तर राहिलेली सोडून द्यावी. दोन एकदम कधीही घेऊ नयेत.

मूत्रपिंडाविषयी आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती न कळल्याने माणसे घाबरून औषध सोडतात. डोल्युटेग्राविर सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ, थोडे वाढते. मूत्रपिंड बिघडल्यामुळे हे होत नाही. क्रिएटिनिन लघवीत सोडणारी एक वाट हे औषध अडवते, म्हणून आकडा वर दिसतो. पुण्यात आता गल्लोगल्ली तपासणीची ‘पॅकेजे’ मिळतात. अहवालात तो आकडा ठळक छापलेला दिसला की पोटात गोळा येतो. तो अहवाल घेऊन एआरटी केंद्रावरच जावे. खरी इजा आहे की नुसता आकडा, हे तिथले डॉक्टर लघवीची तपासणी आणि आधीचे अहवाल पाहून ठरवतात. लघवीला फार वेळा जावे लागणे, हाडे दुखणे, स्नायूंत अशक्तपणा येणे ही लक्षणे मात्र स्वतःहून सांगायची असतात.

ज्यांनी जुना काळ पाहिला नाही त्यांना आजची गोळी किती मोठा दिलासा आहे हे कळणार नाही. 1987 मध्ये अमेरिकेत झिडोव्ह्युडिन या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, पण त्याने अनेकांचे रक्त कमी होई. 1996 च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याने मृत्यू झपाट्याने घटू लागले, पण किंमत अशी होती की आपल्याकडे कोणी नाव काढू नये. 2001 मध्ये सिप्ला कंपनीने तिन्ही औषधे दिवसाला एक डॉलरहूनही कमी दरात देण्याची तयारी दाखवली आणि 1 एप्रिल 2004 पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. त्या पहिल्या वर्षांतल्या गोळीत स्टॅव्ह्युडिन असे. त्याने प्राण वाचले, हे आधी कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण महिने गेले की पायांना मुंग्या येत, तळवे जळत, आणि गालांवरची चरबी झडून गालफडे बसत. हातापायांच्या शिरा दोरीसारख्या दिसू लागत. माणूस रोगातून उठलेला असे, कामावर जात असे, पण त्याचा चेहराच त्याचे गुपित गल्लीला सांगत असे. घर भाड्याने मिळत नसे, मुलीचे लग्न मोडत असे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. माझ्या मते लेबल खरवडण्याची सवय त्या काळातल्या भीतीतून आलेली आहे. औषध बदलले तरी भीती घरात राहिली.

त्यानंतर एफाव्हिरेंझ आले. ते रात्री झोपताना घ्यायचे, कारण त्याने चक्कर येई आणि इतकी स्पष्ट, विचित्र स्वप्ने पडत की काहीजण झोपायलाच घाबरत. त्यांतले अनेकजण आता टीएलडीवर आले आहेत आणि सवयीने अजूनही गोळी रात्रीच घेतात. बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते, डोके दुखते, आणि अशा वेळी गोळीची वेळ सकाळी आणली तर बरे वाटते. इतका साधा उपाय असतो आणि तो कोणी न सांगितल्याने माणूस झोपेच्या गोळ्या मागायला येतो.

या औषधाने वजनही वाढते. आपल्याकडे एचआयव्ही आणि वाळलेले शरीर यांची सांगड इतकी पक्की आहे, की वजन वाढले की आधी घरच्यांना आनंदच होतो. तो आनंद मला समजतो. पण वजनामागोमाग साखर वाढू शकते. तहान, वारंवार लघवी, थकवा जाणवला तर तपासणी करून घ्यावी. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी आणखी एक खूण आहे. डोल्युटेग्राविर मेटफॉर्मिनचे रक्तातले प्रमाण वाढवते, म्हणून दोन्ही चालू असतील तर मेटफॉर्मिन दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये अशी काळजी घेतात. साखरेचे डॉक्टर वेगळे, एआरटीचे वेगळे, आणि दोघांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या, अशी स्थिती असली की हा आकडा कोणाच्याच नजरेला येत नाही.

क्षयरोगाचे औषध चालू झाले तर मात्र केंद्राला लगेच कळवलेच पाहिजे. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे यकृत डोल्युटेग्राविर लवकर संपवून टाकते, म्हणून 50 मिलिग्रॅमची एक जादा गोळी बारा तासांच्या अंतराने द्यावी लागते, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात. फिट्सवरच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या औषधांचाही असाच परिणाम होतो.

गर्भवतींच्या बाबतीत एक हकीकत मला नेहमी सांगावीशी वाटते. 2018 मध्ये बोट्स्वानातल्या नोंदींत असे दिसले, की गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राविर घेत असलेल्या आयांच्या 426 बाळांपैकी चौघांच्या पाठीच्या कण्याच्या किंवा मेंदूच्या जडणघडणीत दोष होता. जगभर सावधगिरीचा इशारा गेला, अनेक स्त्रियांना हे औषध नाकारले गेले. पण तिथल्या परिचारिकांनी नोंद थांबवली नाही. पुढे हजारो जन्मांची माहिती जमली तेव्हा तो धोका इतर औषधांइतकाच निघाला आणि आज गर्भवतींनाही हेच औषध दिले जाते. दुष्परिणामाची नोंद केली तर औषध बदनाम होईल असे काहींना वाटते. इथे नोंदींनीच आधी जपले आणि मग त्याच नोंदींनी मोकळे केले. आपल्या देशातही अशी नोंद करता येते. औषधांच्या दुष्परिणामांसाठी 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे आणि एचआयव्हीविषयी कोणतीही माहिती नाव न सांगता 1097 वर विचारता येते. हे दोन क्रमांक मी काउंटरवर काचेखाली ठेवले आहेत, रक्तदाब मोजण्याच्या तक्त्याशेजारी.

स्वतःच्या मनाने औषध थांबवण्याविषयी मात्र मी कठोरपणे बोलतो. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही हिपॅटायटिस बी वरही काम करतात, आणि तो विषाणूही अंगात असलेल्या माणसाने गोळी एकाएकी सोडली तर यकृताचा आजार जोराने उसळू शकतो. ‘एड्स मुळापासून बरा’ अशा भिंतीवरच्या जाहिराती वाचून गोळ्या सोडणारी माणसे आजही आहेत. औषधांच्या नियमांतल्या अनुसूची जे मध्ये, ज्या आजारांवर खात्रीने बरे करण्याचा दावा करता येत नाही, त्यांत एड्सचे नाव आहे. असा दावा करणारा कायदा मोडतो आहे, एवढे तरी माहीत असावे.

नियमित गोळी घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडण्याइतकाही उरलेला नाही, त्याच्यापासून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ज्या बायका गोळी तांदळाच्या डब्यात लपवतात, त्यांच्या घरातल्या लोकांना हे कोणी नीट सांगितलेले नसते. मी सांगतो, पण दुकानदाराच्या सांगण्याला मर्यादा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीला ती नाही.

म्हणून माझी विनंती हाडांच्या आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टरांना आहे, कारण कॅल्शियम आणि लोह तेच सर्वाधिक लिहून देतात. चिठ्ठीवर नुसते ‘दिवसातून एकदा’ न लिहिता ‘रात्री जेवणाबरोबर’ असे लिहावे, आणि खाली एक ओळ वाढवावी, की रोजच्या इतर गोळ्या याच्या दोन तास आधी घ्याव्यात. ही ओळ रुग्णाला काहीही न विचारता, प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहिता येते. आमच्या दुकानाजवळच्या एका डॉक्टरीणबाईंनी तसा शिक्काच करून घेतला आहे.